मोजून बावीस

गुहा बघावी कशी, यावरून त्या नवरा-बायकोचं एकतीस वर्षं वाजत होतं. भांडणाला बाकीचे विषय यांच्याही घरात होते, पण ते दोन दिवसांत मिटायचे. हा मात्र मिटला नाही. त्याचं म्हणणं, गुहा बघावी ती गाइडबरोबर. नाहीतर माणूस आत जातो, चार दगड बघतो, वा वा म्हणतो, बाहेर येऊन चहा पितो, आणि आपण नेमकं काय बघितलं ते त्याला शेवटपर्यंत कळत नाही. तिचं म्हणणं, गुहा एकट्यानं बघावी आणि तोंड मिटून बघावी. आता तो स्वतःच त्या गुहेतला गाइड असल्यामुळे त्याचं मत अगदी निःपक्षपाती होतं असं काही म्हणता येणार नाही.

गुहा शहरापासून बसनं अर्ध्या तासावर, टेकडीच्या पोटात होती. वर तिकीटघर, मग लोखंडी दार, मग दोनशे चौदा पायऱ्या, आणि खाली चुनखडीच्या दालनांची रांग. छताला लोंबणारे सुळके, जमिनीतून वर वाढलेले खुंट, एका भिंतीवर पडद्यासारख्या चुण्या. तो या सगळ्यांची नावानिशी ओळख करून द्यायचा. हा हत्तीचा कान, ही आजीबाईंची कवळी, आणि हा वरचा सुळका नि खालचा खुंट म्हणजे नवरा-बायको; दोघांत फक्त चार बोटांचं अंतर राहिलंय, अजून चार हजार वर्षांत जुळेल त्यांचं, तोवर कुणी मध्ये पडू नका. या विनोदावर रोज पाच वेळा लोक हसायचे आणि रोज पाच वेळा त्याला नव्यानं बरं वाटायचं. बायको म्हणायची, दगड आहेत ते, त्यांना दगड राहू द्या. तिकीटघरातल्या मंडळींनी त्याचं नाव रेडिओ ठेवलं होतं, आणि हा रेडिओ बंद करायचं बटण बसवायचंच राहून गेलंय, असं ती मंडळी त्याच्या तोंडावर म्हणायची.

बडबड्या असला तरी कामात चोख. आत सोडताना दारात प्रत्येकाच्या खांद्यावर हलका हात ठेवून मोजायचा, वर येताना तसंच पुन्हा. दुसऱ्या हातात मोजायचं छोटं यंत्र, अंगठ्यानं दाबलं की टिक वाजणारं. आकडे जुळले की दार लावायचं, नाही जुळले की परत खाली. एकतीस वर्षांत त्यानं एकही माणूस खाली ठेवला नव्हता. आकडा एकदाच चुकला होता, तोही नोकरीच्या पहिल्या वर्षी, आणि त्या न जुळलेल्या आकड्याशीच पुढे त्यानं लग्न केलं.

ती विणकाम कारखान्यात होती. चाळीस माग एकाच वेळी चालणाऱ्या खोलीत दिवसाचे आठ तास. एका सुट्टीला कारखान्याची सहल गुहेत आली. खालच्या मोठ्या दालनात गाइड एक मिनिट सगळे दिवे बंद करतो, खरा अंधार कसा असतो ते दाखवायला. हा त्या मिनिटातही बोलतच होता, लोक घाबरू नयेत म्हणून. वर येऊन मोजतो तर एक कमी. पुन्हा सगळ्या पायऱ्या उतरून गेला, तर मोठ्या दालनाच्या कोपऱ्यात, कठड्याच्या पलीकडे, एका सपाट दगडावर ही बसलेली. धापा टाकत तो म्हणाला, बाई, तुम्ही मागे राहिलात.

"राहिले नाही, थांबले," ती म्हणाली. "तुम्ही फार बोलता हो. मला जरा ऐकू द्या."

ऐकायचं काय, इथे तर काहीच नाही, असं त्यानं विचारलं. तेच, असं तिनं उत्तर दिलं. मग त्यानं आयुष्यात पहिल्यांदा पाच मिनिटं तोंड मिटलं आणि तिच्या शेजारी उभा राहिला. पुढे ती सगळ्यांना सांगायची, त्या पाच मिनिटांनी मी फसले, मला वाटलं हा माणूस गप्प बसू शकतो.

लग्नानंतर रोज संध्याकाळी तो घरी आला की ती हातातलं काम न सोडता विचारायची, "सगळे वर आले का?" तो म्हणायचा, "आले." एवढंच. दुसऱ्या घरांत लोक दमलात का म्हणून विचारतात, यांच्याकडे हे. मुलगी चालायला लागली तशी तीही दाराशी येऊन बोबड्या बोलात तेच विचारायला लागली. अबोला धरलेल्या दिवशीसुद्धा हा प्रश्न चुकला नाही. तेवढा विचारून बायको पुन्हा अबोला धरायची.

तीन वर्षांपूर्वी तिचं विसरणं सुरू झालं. आधी चष्मा, मग किल्ल्या, मग गॅसवरचं दूध. तिथपर्यंत दोघंही हसत होती. मग एक दिवस ती आपल्याच जिन्यात उभी राहून शेजारणीला विचारत होती की इथली माणसं कधी परत येतील. केसाएवढ्या धाग्याची गाठ डोळे मिटून मारणारी बाई, सकाळी बुटाच्या नाड्यांकडे बघत बसून राहायची. तो खाली वाकून नाड्या बांधायचा आणि बांधताना काहीतरी बोलत राहायचा, म्हणजे तिचा चेहरा बघावा लागू नये. संध्याकाळचा तो प्रश्नही वर्षभरापूर्वी बंद झाला. पहिले काही दिवस तो दारात जरा जास्त वेळ थांबून बघायचा, मग आपणहून "आले बरं का सगळे" असं सांगायचा, आणि मग तेही त्यानं सोडून दिलं.

तिला घरी एकटीला ठेवणं शक्यच नव्हतं, म्हणून तो तिला कामावर घेऊन यायला लागला. नियमात हे बसत नव्हतं, पण व्यवस्थापकांनी कानाडोळा केला. दिवसभर ती तिकीटवालीच्या शेजारी लाल स्वेटर घालून बसायची आणि तिकिटांची अर्धुकं एकावर एक रचायची. शेवटच्या फेरीला तिकीटवालीला हिशेब आवरायचा असायचा, तेव्हा तो तिला बरोबर खाली न्यायचा. ती त्याची बाही धरून चालायची. विकलेली तिकिटं अधिक एक, अशी त्या फेरीची मोजणी असायची.

मुलगी दुसऱ्या शहरात शाळेत शिकवत होती. तिनं सगळी चौकशी करून आपल्या घराजवळचं एक शुश्रूषागृह ठरवलं होतं. तिथे अशाच माणसांची सोय होती, दारं आपोआप बंद होणारी होती, रात्रंदिवस कुणीतरी जागं असायचं. एक जागा त्यांनी महिनाअखेरपर्यंत धरून ठेवली होती. मुलगी दर रविवारी फोन करायची आणि तो दर रविवारी विषय उडवून लावायचा. शेवटी तिचाही बांध फुटला. बाबा, तुम्ही दोनशे चौदा पायऱ्या उतरवता तिला, एखाद्या दिवशी काही झालं म्हणजे, असं ती म्हणाली, आणि त्याचं डोकं फिरलं.

"एकतीस वर्षांत परक्यांपैकी एक माणूस मी खाली ठेवला नाही," तो म्हणाला. "तुझ्या आईला ठेवीन होय? ज्या दिवशी ठेवीन ना, त्या दिवशी मी स्वतः तिला तुझ्या त्या जागेत आणून सोडीन."

बरं, असं म्हणून मुलीनं फोन ठेवला.

त्याच सुमारास गुहेत नवी पद्धत आली. गाइडची गरज नाही, तिकिटाबरोबर नकाशा घ्या, बाण बघत जा, जागोजागचे फलक वाचा, मनाला येईल तेवढा वेळ थांबा. आत जाताना गळ्यात घालायला एक पितळी बिल्ला, बाहेर येताना तो तिकीटघरात परत करायचा. कर्मचारी या लोकांना सुटे म्हणायला लागले. लोकांना हे भलतंच आवडलं. गाइडच्या पाचांच्या दोन फेऱ्या उरल्या. आणि पूर्वी प्रत्येक घोळक्याच्या शेवटी चालणारा, मागे कुणी राहत नाही ना ते बघणारा जो दुसरा माणूस असायचा, त्याची गरज राहिली नाही म्हणून त्याला बागेच्या कामावर पाठवलं.

रेडिओनं आठवडाभर सगळ्यांचं डोकं खाल्लं. फलकावर चार ओळी लिहून गुहा कळते होय? मग घरी जाऊन तो बायकोसमोर बसला आणि म्हणाला, "झालं बघ तुझ्या मनासारखं. आता ज्यानं त्यानं आपापलं बघायचं. जिंकलीस तू." तिनं त्याच्याकडे बघून अगदी अदबीनं विचारलं, कुठली गुहा? एकतीस वर्षांचा वाद ती जिंकली होती आणि तिला त्याचा पत्ता नव्हता. सांगितलं नव्हतं का मी, एवढं जरी ती म्हणाली असती, तरी त्यानं आनंदानं हार मानली असती.

एक गोष्ट मात्र त्यानं कुणाला सांगितली नाही. हे सुटे लोक नकाशात गोंधळले की हळूच त्याच्या घोळक्याच्या शेपटीला येऊन चिकटायचे आणि फुकटात ऐकायचे. त्यांना बाजूला काढायचं, असा नियम होता. तो काढायचा नाही. मागे दोन जास्तीची डोकी दिसली की त्याचा आवाज आपोआप चढायचा. नकाशा हातात असून शेवटी माझ्याकडेच आले ना, असं मनातल्या मनात म्हणून तो सुखावायचा. एरवी वर पोचायच्या आधी ते आपापल्या वाटेनं पांगायचे.

त्या दिवशी शेवटच्या फेरीला एकवीस तिकिटं होती आणि बायको, म्हणजे मोजून बावीस. एकविसांत एक निवृत्त मोजणीदार होता. जन्मभर जमिनी मोजलेला, चष्म्याच्या वरून बघणारा. त्यानं हत्तीच्या कानापाशीच पहिला प्रश्न टाकला. सुळका इतक्या वर्षांत इतका वाढतो हे कुणी मोजलं, आणि कशानं? रेडिओ जागच्या जागी थांबला. फोटो कुठे काढायचा आणि स्वच्छतागृह कुठे आहे, याशिवाय गेल्या कित्येक महिन्यांत त्याला कुणी काही विचारलेलं नव्हतं. खाली मांडलेल्या काचपट्ट्या, त्यांच्यावर साचणारा चुना, ते मोजायला वर्षातून दोनदा येणारी अभ्यासक बाई, सगळं त्यानं भडाभडा सांगितलं. मोजणीदार ऐकून घ्यायचा आणि नेमका पुढचा प्रश्न विचारायचा. बायको बाही धरून होती. मध्येच तिनं बाही ओढली, तेव्हा त्यानं बोलता बोलताच तिच्या हातावर थोपटलं.

मोठ्या दालनात त्यानं दिवे बंद केले. अंधारात तो नेहमीसारखा बोलत होता. त्याला अगदी कानाशी तिचा आवाज आला, "हळू." त्यानं आवाज जरा उतरवला, पण बोलणं सोडलं नाही. मिनिट संपलं, दिवे लागले, आणि मोजणीदार पुढचा प्रश्न घेऊन त्याच्या शेजारी हजर होता. बाही मोकळी झाली होती. हात हलका झाल्याचं त्याला जाणवलंसुद्धा. का, ते त्यानं स्वतःला विचारलं नाही. दोघं बोलत बोलत पुढे निघाले आणि घोळका मागून आला.

दारात त्यानं मोजलं. प्रत्येक खांद्यावर हात, प्रत्येक हाताला टिक. मोजणीदार बाजूला उभा राहून अजूनही काहीतरी विचारत होता आणि हा त्याच्याकडे तोंड करून उत्तर देत देत मोजत होता. वीस, एकवीस, बावीस. आकडा जुळला. त्यानं दार लावलं, कुलूप घातलं. मोजणीदारानं त्याचा हात हातात घेतला आणि म्हणाला, असा दाखवणारा भेटायला नशीब लागतं. तो तरंगतच कर्मचाऱ्यांच्या खोलीत आला, कंदील खुंटीला लावला, चहाचं पाणी ठेवलं आणि गुणगुणत फडताळातून दोन कप काढले.

दुसरा कप त्याच्या हातातच राहिला. तेवढ्यात तिकीटवाली दारात आली, बोटांत एक पितळी बिल्ला फिरवत. म्हणाली, एक टोपीवाला सुटा आज तुमच्या घोळक्यातूनच बाहेर आला बरं का, हा बघा त्याचा बिल्ला. त्यानं तिच्याकडे बघितलं.

"ती तुझ्याकडे आहे ना?"

"कोण? तुमच्याबरोबर खाली गेल्या होत्या ना त्या?"

वीजवाल्यानं पाच वाजता खालच्या दिव्यांचं मुख्य बटण नेहमीप्रमाणे बंद केलं होतं. वीजघर टेकडीच्या दुसऱ्या टोकाला होतं. तिकीटवाली तिकडे पळाली आणि तो हातबत्ती घेऊन पायऱ्यांकडे. अठ्ठावन्न वर्षांचे गुडघे, ओल्या पायऱ्या, एकदा तो चार पायऱ्या घसरला आणि कठडा धरून पुन्हा उठला. तो हाका मारत होता. पण हाक तरी काय मारणार? जन्मभर त्यानं तिला "अगं" म्हटलं होतं. "अगं, ऐकलंस का," "अगं, कुठे आहेस." ती हाक आता दालनादालनांतून घुमून त्याच्याकडेच परत येत होती, आणि वर्षभर तिनं त्या हाकेला ओ दिलेली नव्हती.

ती कोपऱ्यातल्या सपाट दगडावर बसली होती. कठड्याच्या पलीकडे, त्याच दगडावर. त्याला ते पायऱ्या उतरतानाच कळायला हवं होतं. एक बूट पायात नव्हता. अंधारात वाट चाचपडून बघितली असावी तिनं, कारण दोन्ही हातांची बोटं चुन्यानं पांढरी झाली होती आणि एक नख मुळापासून तुटून रक्त आलं होतं. उजेड तोंडावर पडला तसा तिनं हात आडवा धरला. त्यानं बत्ती खाली वळवली.

"तुम्ही इथलेच का?" तिनं विचारलं.

"हो."

"मग मला वाट दाखवायला नका थांबू. आमचे हे येतीलच आता. ते मोजतात सगळ्यांना. एक जरी कमी निघालं ना, तरी परत खाली येतात. कितीही पायऱ्या असोत."

गुहेत कुठेतरी थेंब पडत होते, तेवढाच आवाज. ती त्याच्याकडे बघत होती, नीट ओळख नसलेल्या पण भल्या दिसणाऱ्या माणसाकडे बघावं तशी.

"त्यांनीच पाठवलंय मला," तो शेवटी म्हणाला.

"स्वतः नाही आले?"

"जरा कामात आहेत."

तिनं मान हलवली. "बोलत असतील कुणाशी तरी," ती म्हणाली.

त्यात राग नव्हता. राग असता तर त्याला बरं वाटलं असतं. त्यानं तिचा बूट शोधला, खाली बसून पायात घातला, नाडी बांधली. या वेळी तो काही बोलला नाही. तेवढ्यात दिवे लागले. तिनं सवयीनं त्याची बाही धरली आणि दोघं दोनशे चौदा पायऱ्या चढून वर आले, दर वीस पायऱ्यांना थांबत. दारात त्याचा हात आपोआप तिच्या खांद्यावर गेला. यंत्राची टिक वाजली नाही, कारण यंत्र खोलीतच राहिलं होतं.

वर तिकीटवालीनं तिला आपला कोट पांघरला, बोटाला पट्टी बांधली. वीजवाला पुन्हा पुन्हा सांगत होता की मला काय माहीत, मला काय माहीत. कुणाला काही सांगायची गरज नाही, असं त्या दोघांनी आपणहून सांगितलं. व्यवस्थापकांना नाही, आणि मुलीला तर नाहीच. शिवाय चूक त्या टोपीवाल्याची, आणि शेपटीचा माणूस ज्यांनी काढला त्यांची. तो हो हो म्हणत राहिला. बसमध्ये ती त्याच्या खांद्यावर डोकं टेकून झोपली आणि सगळ्या वाटेत त्यानं ही कारणं मनात मांडून बघितली. एकूण एक खरी होती.

घरी आल्यावर तिला खाऊ घालून, पलंगावर निजवून त्यानं मुलीला फोन लावला. रविवार नसताना फोन आला म्हणून मुलीचा आवाज आधीच घाबरलेला होता. आईला काही झालं का, असं तिनं विचारलं. त्यानं काय घडलं ते सगळं सरळ सांगितलं, दालन, अंधार, नख. मुलगी म्हणाली, म्हणजे तो माणूस घुसल्यामुळे मोजणी चुकली.

"मोजणी बरोबर होती," तो म्हणाला. "बावीसच होते. मी तिला विसरलो."

"बाबा."

"ऐकून घे. पाऊण तास विसरलो. आणि तुला खरं सांगू? त्या पाऊण तासात मला फार बरं वाटत होतं. तीन वर्षांत इतकं बरं वाटलं नव्हतं."

मुलगी रडायला लागली. रडत रडतच ती त्याची समजूत घालू लागली, की असं कुणालाही वाटेल, त्यात पाप नाही, तुम्ही किती केलंत. त्यानं ते सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, ती जागा अजून आहे का. आहे, मुलगी म्हणाली. महिना संपायला चार दिवस होते.

शुश्रूषागृह स्वच्छ होतं, वाईट म्हणायला जागा नव्हती. त्या दिवशी नवीन आलेली तीन कुटुंबं होती आणि परिचारिकाबाई सगळ्यांना एकत्र फिरवून दाखवत होत्या. ही जेवणाची खोली, ही व्यायामाची, हा बागेकडे जायचा दरवाजा, इथे पायरी आहे बरं का, सांभाळून. चांगल्या बोलायच्या बाई, मध्येच एखादा विनोदही करायच्या, आणि तो रोज करत असणार हे त्याला लगेच कळलं. एका वळणावर त्यानं सवयीनं डोकी मोजली तर एक कमी. मुलगी दचकून मागे पळाली. आई बैठकीच्या खोलीत खिडकीशी एका खुर्चीवर बसली होती, हात मांडीवर ठेवून, अगदी शांत. इथल्यासुद्धा माहिती देणाऱ्या बाईला तिनं सोडून दिलं होतं. मुलीला रडता रडता हसू आलं, आणि त्यालाही.

बायकोची खोली तळमजल्यावर होती. कपाटाच्या खणांवर चित्रं चिकटवली होती, मोज्यांच्या खणावर मोज्याचं, स्वेटरच्या खणावर स्वेटरचं. मुलीनं कपडे लावले. लाल स्वेटर वरच ठेवला. पहिले पंधरा दिवस भेटायला येऊ नका, माणूस रुळेपर्यंत तेच बरं, असं परिचारिकाबाईंनी समजावलं. मग मुलगी सही करायला कचेरीत गेली आणि ती दोघं खोलीत उरली. तो तिच्या समोर बसला. त्याला पुष्कळ बोलायचं होतं, बसमध्ये त्यानं ते जुळवूनही ठेवलं होतं. तिनं खिडकीबाहेर बघत हात जरासा वर केला, कुणी बोलू नये म्हणून करतात तसा, आणि तो गप्प राहिला. पाच मिनिटं झाली असतील. मग तो उठला. तिच्या खांद्यावर हलका हात ठेवला आणि दाराशी गेला.

मागून आवाज आला.

"सगळे वर आले का?"

वर्षभरानं आलेला प्रश्न. तोच सूर, हातातलं काम न सोडता विचारायची तोच. तो वळला. ती त्याच्याकडेच बघत होती. नवरा म्हणून की इथला कुणी माणूस म्हणून, ते कळायला मार्ग नव्हता. नवऱ्यालाही ती तुम्ही म्हणायची आणि परक्यालाही. "आले" हा शब्द त्याच्या जिभेवर होता. वर्षानुवर्षं रोज बोललेला. तो बोलला असता तर ती पुन्हा खिडकीकडे वळली असती आणि झालं असतं.

"एक राहिलंय," तो म्हणाला.

तिच्या कपाळाला आठी पडली. "मग इथे काय करताय उभे?" ती म्हणाली. "जा, घेऊन या. अंधारात बसलं असेल कुणी. घाबरलं असेल."

"जातो."

"आणि फार बोलू नका त्याच्याशी. हात धरा नि घेऊन या." मग तिनं खुर्ची दाराकडे वळवून घेतली, म्हणजे तो परत आलेला दिसावा. "मी आहे इथे," ती म्हणाली.

तो बाहेर पडला. त्याच्यामागे दार आपोआप बंद झालं. मुलगी कचेरीतून येईपर्यंत तो रस्त्यापलीकडच्या बसथांब्यावर जाऊन उभा राहिला होता. तिथून ती खिडकी दिसत होती, पण खुर्ची आता दाराकडे वळलेली असल्यामुळे तिचा चेहरा दिसत नव्हता. थांब्यावरच्या एका माणसानं त्याला वेळ विचारली. रेडिओनं तोंड उघडलं, पुन्हा मिटलं, आणि घड्याळ बघता यावं म्हणून नुसतं मनगट पुढे केलं.